ऑलिगार्क आले कुठून? सोव्हिएत युनियन फुटल्यानंतरच्या रशियाची गोष्ट, सोप्या भाषेत

२०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हापासून बातम्यांमध्ये एक शब्द सारखा कानावर पडतोय, ऑलिगार्क. कुणाची आलिशान बोट जप्त झाली, रशियन अब्जाधीश अब्रामोविचला चेल्सी फुटबॉल क्लब विकावा लागला, कुणाची परदेशातली खाती गोठवली. माझ्या मामेभावाने मला सरळ विचारलं, "दादा, तो तर कम्युनिस्ट देश होता ना, तिथे खासगी कारखानाच नव्हता, मग हे लोक दहा वर्षांत अब्जाधीश कसे झाले?" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी शब्दाचा अर्थ. ऑलिगार्क म्हणजे फक्त श्रीमंत माणूस नाही. ज्याच्या पैशावर सरकार टिकतं आणि सरकारच्या मेहेरबानीवर ज्याचा पैसा टिकतो, तो ऑलिगार्क. दोघांची गाठ एकमेकांत अडकलेली, एकाने सोडवायची म्हटलं तर दुसराही पडतो.

आणि माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो. आपण राजकीय अस्थिरता वेगळी आणि भ्रष्टाचार वेगळा असं धरून चालतो, पण रशियात ती एकच गोष्ट होती. उद्या खुर्चीवर कोण असेल, कायदा कोणता असेल, आज घेतलेला कारखाना उद्या आपल्याकडे राहील का, हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने आजच काढून घेतलं, आणि सगळेच असं वागले म्हणून उद्याचा दिवस आणखीच बेभरवशाचा झाला.

घरातला कर्ता गेला आणि सातबाराच नाही

एक मोठं एकत्र कुटुंब डोळ्यासमोर आणा. जमीन, विहीर, वाडा, गोठा सगळं आजोबांच्या नावावर. कुणाच्या वाट्याचं काय हे कधी लिहिलंच नाही कारण गरजच पडली नाही. आजोबा गेले. आता वाटणी करायची तर सातबारा नाही, तलाठी नाही, कोर्ट नावापुरतं, आणि घरातले चौघे म्हणतायत वाटणी याच आठवड्यात झाली पाहिजे. अशा वेळी कुणाला जास्त मिळणार? ज्याच्याकडे कपाटाच्या किल्ल्या आहेत त्याला.

सोव्हिएत युनियनमध्ये तेलविहिरींपासून पावाच्या दुकानापर्यंत जवळजवळ सगळ्याचा मालक सरकार. ८ डिसेंबर १९९१ ला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी ही युनियन संपल्याचा करार केला, २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. एका देशाचे पंधरा झाले. एकाच यंत्राचे भाग बनवणारे कारखाने वेगवेगळ्या देशांत गेले. त्याची झळ आपल्यालाही लागली बरं का. नाशिकजवळ ओझरला मिग विमानं बनायची, आणि सोव्हिएत युनियन फुटल्यावर आपल्या हवाई दलाला सुट्या भागांची मोठी टंचाई सोसावी लागली कारण ऑर्डर नेमकी कुणाकडे द्यायची हेच कळेना.

रशियाचे अध्यक्ष होते बोरिस येल्त्सिन. ऑगस्ट १९९१ मध्ये जुन्या कम्युनिस्टांनी सत्ता बळकवायचा प्रयत्न केला तेव्हा रणगाड्यावर चढून लोकांना आवाहन करणारा हाच माणूस. लोकांचा त्याच्यावर खरोखर विश्वास होता. हे विसरू नका, कारण पुढे जे गेलं त्यात हा विश्वासही होता.

एका रात्रीत भाव मोकळे

तिजोरी रिकामी, दुकानं रिकामी, पाव आणि साखरेसाठी रांगा. येल्त्सिन यांच्या सरकारमधले तरुण अर्थतज्ज्ञ येगोर गायदार म्हणाले, थांबायला वेळच नाही. २ जानेवारी १९९२ पासून बहुतेक वस्तूंच्या किमतींवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. दुकानात माल दिसायला लागला हे खरं, पण त्या एका वर्षात महागाई सुमारे २,५०० टक्के वाढली. म्हणजे जानेवारीत १०० रूबलला मिळणारी गोष्ट वर्षअखेरीला अडीच हजारांच्या वर. ज्या बाईने तीस वर्षं गिरणीत काम करून बँकेत म्हातारपणासाठी पैसे ठेवले होते तिच्या पासबुकातला आकडा तोच राहिला आणि त्या आकड्यात काही महिन्यांचा किराणाही येईना. मॉस्कोच्या मेट्रो स्टेशनांबाहेर म्हाताऱ्या बायका थंडीत उभ्या राहून घरातले बूट, कपबश्या, मुलांचे स्वेटर विकायच्या. हे आठवलं की आजही वाईट वाटतं, कारण या बायकांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

आता यातला भ्रष्टाचाराचा भाग बघा, तो नीट समजून घेण्यासारखा आहे. भाव मोकळे केले पण सगळे नाही. तेल, वायू यांचे देशातले भाव सरकारनेच दाबून ठेवले, इतके की १९९२ मध्ये एका टप्प्याला देशातलं तेल जागतिक भावाच्या जेमतेम एखाद टक्क्याला मिळत होतं. म्हणजे देशात एक रुपयाला घ्या, सीमेबाहेर शंभरला विका. त्यासाठी फक्त एक कागद लागायचा, निर्यात परवाना. तो कागद देणारा अधिकारी महिन्याला तुटपुंजा पगार घेणारा, तोही महागाईने खाल्लेला. त्या टेबलावर काय होत असेल हे सांगायला पाहिजे का? पहिले मोठे पैसे कारखाना चालवून कुणी कमावलेच नाहीत, ते या दोन भावांच्या मधल्या फटीतून आले. पुढे राष्ट्रीय क्रीडा निधीसारख्या संस्थेला दारू आणि सिगारेट करमुक्त आयात करायची सूट मिळाली, खेळाडूंच्या मदतीसाठी असं कारण देऊन, आणि त्यात सरकारचा प्रचंड महसूल बुडाला.

प्रत्येकाला एक व्हाउचर

मग खासगीकरण, म्हणजे सरकारी मालमत्ता लोकांच्या मालकीची करणं. जबाबदारी अनातोली चुबाइस यांच्याकडे. कल्पना ऐकायला फार छान होती. ऑक्टोबर १९९२ पासून तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येक नागरिकाला एक व्हाउचर, दर्शनी किंमत १०,००० रूबल, ते देऊन कारखान्यांचे शेअर्स घ्यायचे. चौदा कोटींहून जास्त लोकांना ती चिठ्ठी मिळाली. चुबाइस म्हणाले होते की एका व्हाउचरची किंमत दोन व्होल्गा गाड्यांइतकी होईल.

पण शेअर म्हणजे काय हे सत्तर वर्षांत कुणी बघितलेलंच नाही, घरात आजचं खायचं काय हा प्रश्न, आणि रस्त्यावर एक माणूस उभा आहे जो त्या चिठ्ठीचे रोख पैसे देतोय. लोकांनी विकून टाकली, कित्येकांनी वोडकाच्या एक-दोन बाटल्यांवर. काहींनी व्हाउचर फंडांत ठेवली आणि त्यातले बरेच फंड गायबच झाले. कारखान्यांमध्ये तर कामगार आणि व्यवस्थापन यांना मिळून निम्म्याहून जास्त शेअर्स घ्यायची सोय होती, आणि पगार महिनोन् महिने थकवायचा, मग गरजू कामगाराकडून शेअर स्वस्तात विकत घ्यायचा, असं करून जुने सरकारी संचालकच मालक होऊन बसले. रशियन लोकांनी खासगीकरणाच्या शब्दात 'बळकावणे' हा शब्द मिसळून नवाच शब्द केला, प्रिख्वातिझात्सिया. तो आजही वापरात आहे.

याच काळात एमएमएम नावाची योजना आली, सर्गेई मावरोदी यांची. नवीन लोकांच्या पैशातून जुन्यांना परतावा द्यायचा, आपल्याकडे बुडालेल्या चिट फंडांसारखंच, पण लाखो लोक अडकलेले आणि टीव्हीवर दिवसरात्र जाहिरात. १९९४ च्या उन्हाळ्यात सगळं कोसळलं. मावरोदी त्याच वर्षी पोटनिवडणूक लढवून संसदेत निवडून आले, कारण खासदाराला अटकेपासून संरक्षण होतं. ज्यांचे पैसे बुडाले त्यातल्याच अनेकांनी मत दिलं, बाहेर राहिला तर निदान पैसे परत देईल या आशेवर.

तुझं छप्पर कोण?

त्या काळातल्या कुठल्याही दुकानदाराला पहिला प्रश्न हा असायचा. छप्पर, रशियनमध्ये 'क्रिशा', म्हणजे तुला वाचवणारा कोण आहे. तुम्ही कुणाला माल दिला, त्याने पैसे बुडवले, कोर्टात गेलात तर काही होणार नाही आणि झालं तरी हुकूम कोण बजावणार? मग गुंडांच्या टोळीला हप्ता द्यायचा, ते वसुलीही करतात आणि दुसऱ्या टोळीपासून वाचवतातही. काही वर्षांत हेच काम पोलीस आणि गुप्तचर खात्यातले आजी-माजी लोक करायला लागले. सरकारचं जे काम आहे, करार पाळायला लावणं, तेच काम सरकारी माणसं खासगीत पैसे घेऊन करत होती. मार्च १९९५ मध्ये देशातले सगळ्यात लाडके टीव्ही निवेदक व्लादिस्लाव लिस्त्येव्ह यांना त्यांच्याच इमारतीच्या जिन्यात गोळ्या घातल्या गेल्या आणि तो खटला कधी सुटलाच नाही.

संसदेवर रणगाडे

लोकांचे हाल वाढले तशी संसद येल्त्सिन यांच्या विरोधात गेली. गंमत म्हणजे दोघांकडेही आपापलं खरं होतं, कारण राज्यघटना सोव्हिएत काळातलीच, शेकडो दुरुस्त्या केलेली, आणि शेवटचा शब्द कुणाचा हे तिच्यात स्पष्टच नव्हतं. २१ सप्टेंबर १९९३ ला येल्त्सिन यांनी संसद बरखास्त केली, जो अधिकार त्यांना नव्हता. संसदेने उलट त्यांनाच पदावरून काढल्याचं जाहीर करून उपाध्यक्ष रुत्स्कोई यांना अध्यक्ष नेमलं. एका देशाला दोन अध्यक्ष. ३ ऑक्टोबरला संसदेच्या बाजूच्या सशस्त्र जमावाने महापौर कार्यालय घेतलं, टीव्ही केंद्रावर हल्ला केला, आणि ४ ऑक्टोबरला लष्कराच्या रणगाड्यांनी संसदेच्या इमारतीवर तोफा डागल्या. सरकारी आकड्यानुसारच दीडशेच्या जवळपास माणसं मेली.

डिसेंबरमध्ये नवीन राज्यघटना आली जिच्यात अध्यक्षाला प्रचंड अधिकार आणि संसद कमजोर. त्या वेळी पाश्चात्त्य देशांनी आणि बऱ्याच रशियन उदारमतवाद्यांनी मान डोलावली कारण येल्त्सिन 'आपला माणूस' होता. माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. खुर्ची बनवताना आत्ता तिच्यावर कोण बसलंय एवढंच बघून चालत नाही.

दागिना गहाण ठेवला, सोडवायचा नाही हे आधीच ठरलेलं

आता ऑलिगार्क जन्माला घालणारी खरी घटना, १९९५. सरकारकडे पगार आणि पेन्शन द्यायला पैसे नाहीत, चेचन्या या फुटू पाहणाऱ्या प्रांतात युद्ध सुरू, पुढच्या वर्षी निवडणूक. बँकर व्लादिमीर पोतानिन यांनी सुचवलं की आम्ही बँकवाले सरकारला कर्ज देतो, तारण म्हणून मोठ्या सरकारी कंपन्यांचे शेअर्स द्या. सरकारने सप्टेंबर १९९६ पर्यंत पैसे फेडले तर शेअर्स परत, नाही तर ते विकायचा हक्क आमचा. यालाच 'शेअर्सच्या बदल्यात कर्ज' योजना म्हणतात.

आपल्याकडे सावकाराकडे दागिना ठेवायचे तसंच, फक्त इथे दागिन्याची किंमत ठरवणाराही सावकार, लिलाव पुकारणाराही सावकार आणि बोली लावणाराही सावकारच. नोरिल्स्क निकेल ही जगातली सगळ्यात मोठ्या निकेल उत्पादकांपैकी एक कंपनी, तिच्या ३८ टक्के हिश्शाचा लिलाव पोतानिन यांच्या बँकेने चालवला आणि १७ कोटी डॉलर्सना पोतानिन यांच्याच बाजूने जिंकला, दुप्पट रकमेची दुसरी बोली तांत्रिक कारणाने बाद. युकोस ही तेल कंपनी, लिलावाची व्यवस्था मिखाइल खोदोरकोव्स्की यांच्या मेनातेप बँकेकडे, आणि जिंकली 'लगुना' नावाची कुणी न ऐकलेली कंपनी जी मेनातेपचीच निघाली. ७८ टक्के युकोस साधारण ३१ कोटी डॉलर्सना गेली. सुर्गुत शहरात दुसऱ्या एका तेल कंपनीचा लिलाव होता तर त्या दिवशी तिथला विमानतळच बंद, म्हणजे बाहेरचा कुणी बोली लावायला पोचायलाच नको. सिबनेफ्त कंपनीचे ५१ टक्के बेरेझोव्स्की आणि अब्रामोविच यांच्या गटाने सुमारे १० कोटी डॉलर्सना घेतले आणि २००५ मध्ये अब्रामोविच यांनी कंपनीतला जवळजवळ पाऊण हिस्सा गाझप्रॉम या सरकारी वायू कंपनीला १३ अब्ज डॉलर्सना विकला. मध्ये तेलाचे भाव खूप वाढले, कंपनी सुधारली, हे सगळं धरलं तरी हे अंतर पटण्यासारखं नाही.

यात सगळ्यात वाईट काय माहितीय का, या बँकांत सरकारी खात्यांचेच पैसे ठेवलेले असायचे. त्याच पैशाच्या जोरावर सरकारला कर्ज द्यायचं आणि सरकारचीच विहीर घ्यायची. कर्ज अर्थातच फेडलं गेलं नाही.

पण सरकारने हे होऊ का दिलं?

कारण तारीख बघा. शेअर्सचा अंतिम निकाल १९९६ च्या निवडणुकीनंतर लागणार होता. म्हणजे कम्युनिस्ट उमेदवार गेनादी झ्युगानोव्ह जिंकले तर बँकर्सना काहीच मिळणार नाही. येल्त्सिन जिंकणं ही आता त्यांची स्वतःची गरज झाली. वर्षाच्या सुरुवातीला येल्त्सिन यांची लोकप्रियता एक आकडी टक्क्यांत होती. मग पैसा आला आणि मोठे टीव्ही चॅनल एका बाजूने बोलायला लागले. १६ जूनच्या पहिल्या फेरीत येल्त्सिन ३५ टक्के, झ्युगानोव्ह ३२. पहिल्या फेरीनंतर काही दिवसांतच प्रचारातली दोन माणसं सरकारी इमारतीतून बाहेर पडताना पकडली गेली, हातात फोटोकॉपीच्या कागदाचा खोका, आत पाच लाखांहून जास्त डॉलर्स रोख. दोघांना दुसऱ्या दिवशी सोडलं आणि ज्या सुरक्षाप्रमुखाच्या माणसांनी पकडलं होतं त्यालाच पदावरून काढलं! दोन फेऱ्यांच्या मध्ये येल्त्सिन यांना हृदयविकाराचा झटका आला, तो मतदारांपासून लपवला. ३ जुलैला ते जवळजवळ ५४ टक्के मतं मिळवून जिंकले. पोतानिन उपपंतप्रधान झाले, बेरेझोव्स्की सुरक्षा परिषदेचे उपसचिव.

१९९८, हातात रूबल आणि किंमत शून्याकडे

मोठ्या कंपन्या कर बुडवतात, मग सरकार खर्च चालवायला थोड्या मुदतीचे रोखे विकतं, जुने रोखे फेडायला नवे, आणखी जास्त व्याजाने. एका क्रेडिट कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डाने भरत जायचं तसं. त्यात आशियातलं आर्थिक संकट आणि तेलाचे पडलेले भाव. कारखान्यांत निम्म्याच्या आसपास व्यवहार पैशाऐवजी मालाच्या अदलाबदलीने चालायचे, पगार म्हणून भांडी, टायर, वोडका असं काहीही हातात. १४ ऑगस्ट १९९८ ला येल्त्सिन ठामपणे म्हणाले, रूबलचं अवमूल्यन होणार नाही. तीन दिवसांनी, १७ ऑगस्टला, सरकारने रोख्यांचे पैसे द्यायचं थांबवलं आणि रूबल सोडून दिला. डॉलरला सहाच्या आसपास असलेला रूबल तीन आठवड्यांत वीसच्या पुढे. सहा वर्षांत लोकांची बचत दुसऱ्यांदा गेली.

मार्च १९९८ ते ऑगस्ट १९९९ या दीड वर्षाच्या आत देशाने पाच पंतप्रधान पाहिले, चेर्नोमिर्दिन, किरियेंको, प्रिमाकोव्ह, स्तेपाशिन आणि पुतिन. चेर्नोमिर्दिन यांचं १९९३ मधलं एक वाक्य रशियात म्हणच होऊन बसलंय, 'करायचं होतं चांगलं, झालं नेहमीसारखंच.'

आणि आकडा फक्त पैशाचा नाही. १९९० ला रशियन पुरुषाचं सरासरी आयुर्मान ६४ च्या आसपास होतं, १९९४ पर्यंत ते ५८ च्या खाली आलं. देशभर पसरलेलं युद्ध नाही, दुष्काळ नाही, तरी सहा वर्षं कमी. दारू, हृदयविकार, आत्महत्या, कोसळलेली इस्पितळं.

चीनला जमलं, मग रशियाला का नाही?

हा प्रश्न नेहमी येतो. चीनने हळूहळू केलं हे खरं, पण चीनमध्ये पक्षाची पकड शाबूत होती आणि बहुसंख्य लोक शेतकरी होते, त्यांना जमीन कसायची मोकळीक दिली की उत्पादन वाढायला लागलं. रशियातले बहुसंख्य लोक शहरातले, अवाढव्य सरकारी कारखान्यांवर अवलंबून, आणि हळूहळू करायला जे सरकार लागतं तेच मोडून पडलेलं. त्यामुळे 'घाई केली म्हणून बुडाले' हे अर्धंच उत्तर आहे. १९९५ चे लिलाव घाईत झाले नव्हते, ते विचार करून, जागा ठरवून झाले होते.

हे सगळं अमेरिकेनेच केलं ना?

रशियात आज हे अधिकृत उत्तर झालंय. पाश्चात्त्य सल्लागार होते, त्यांचा अहंकार होता, आणि गैरव्यवहारही झाले. रशियाच्या सुधारणांसाठी अमेरिकी सरकारच्या पैशातून हार्वर्ड विद्यापीठाने चालवलेल्या प्रकल्पातल्या लोकांनी तिथेच स्वतःची गुंतवणूक केली म्हणून अमेरिकी सरकारनेच खटला भरला आणि २००५ मध्ये विद्यापीठाला अडीच कोटींहून जास्त डॉलर्स भरावे लागले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९९६ च्या निवडणुकीआधी दहा अब्ज डॉलर्सचं कर्ज मंजूर केलं, तेही येल्त्सिन यांच्यासाठीच होतं असं म्हणायला जागा आहे. पण परवान्यावर सही करणारे, लिलाव पुकारणारे, कामगाराचा पगार थकवून त्याचा शेअर घेणारे हात रशियातलेच होते.

पण पुतिननी तर हे थांबवलं?

३१ डिसेंबर १९९९ ला येल्त्सिन यांनी टीव्हीवर राजीनामा दिला आणि लोकांची माफी मागितली, लोकांची स्वप्नं पूर्ण करू शकलो नाही म्हणून. हंगामी अध्यक्ष पुतिन यांनी त्याच दिवशी काढलेला हुकूम होता माजी अध्यक्षाला खटल्यांपासून संरक्षण देणारा. त्या वेळी क्रेमलिनच्या दुरुस्तीच्या कंत्राटांवरून येल्त्सिन यांच्या जवळच्या लोकांची चौकशी चालू होती.

पुढे पगार आणि पेन्शन वेळेवर मिळायला लागली, तेलाचे भाव चढले, आणि दहा वर्षं होरपळलेल्या माणसाला स्थैर्य म्हणजे काय हे विचारायला नको. लोकांनी पुतिन यांना का स्वीकारलं हे मला पूर्ण समजतं. ऑलिगार्कांना जुलै २०००मध्ये बोलावून सांगण्यात आलं की घेतलंय ते ठेवा पण राजकारणात पडू नका. गुसिन्स्की आणि बेरेझोव्स्की देश सोडून गेले, त्यांचे चॅनल सरकारच्या बाजूला आले. खोदोरकोव्स्की यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये कॅमेऱ्यांसमोर पुतिन यांच्याकडे सरकारी भ्रष्टाचाराचा विषय काढला, ऑक्टोबरमध्ये नोवोसिबिर्स्क विमानतळावर त्यांना अटक झाली.

मग युकोसचं काय झालं? करथकबाकी दाखवून तिचा सगळ्यात मोठा तेल विभाग, युगान्स्कनेफ्तेगाझ, १९ डिसेंबर २००४ ला लिलावात काढला. बोली लावणारे दोघे हजर, त्यातल्या एकाने बोली लावलीच नाही. काही मिनिटांत ९.३५ अब्ज डॉलर्सना तो जिंकला 'बैकाल फायनान्स ग्रुप'ने, दोन आठवड्यांपूर्वी त्वेर शहरात १०,००० रूबल भांडवलावर नोंदवलेली कंपनी, जिचं नाव त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. चार दिवसांच्या आत ती कंपनी रोसनेफ्त या सरकारी तेल कंपनीने विकत घेतली, आणि रोसनेफ्तच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते पुतिन यांच्या कार्यालयातले इगोर सेचिन.